झिजलेला फूटरेस्ट
टू-स्ट्रोक इंजिनाच्या धुराचा वास आला की ते गृहस्थ आठवतात. मुलगा गेल्यावर, मातीतल्या शर्यतींची त्याची जुनी मोटारसायकल त्यांनी कात्रजला माझ्याकडे दुरुस्तीला आणली होती. तिचा उजवा फूटरेस्ट झिजला होता. तसा पार्ट बाजारात मिळेना, म्हणून आठवडाभर कानस चालवून मी नवा घडवला आणि जुना भंगारात दिला. गाडी न्यायला आले तेव्हा ते खाली वाकून नव्या फूटरेस्टवरून अंगठा फिरवत राहिले. "इथं त्याच्या बुटानं खळगा पडला होता," म्हणाले. मग उठून म्हणाले, "काम मात्र चोख केलंत तुम्ही." मी भंगारवाल्याकडे धावलो, पण माल वितळायला गेला होता. तेव्हापासून काढलेला एकही पार्ट मी टाकत नाही. पेटी भरलीय, मागायला अजून कुणी आलेलं नाही.