डाव्या खांद्याची बंदूक

आमच्या घरात धांदरट कोण, तर मी. हे कुणी आणि कधी ठरवलं ते ठाऊक नाही, पण मला आठवतं तेव्हापासून ते ठरलेलंच होतं. कात्रीनं सरळ कागद मला कधी कापता आला नाही. शिवणाच्या तासाला माझे टाके बाई सगळ्या वर्गाला दाखवायच्या. मेडिकलला गेले तेव्हा सर्जन व्हायची फार हौस होती, पण गाठ मारताना माझी बोटं अशी काही एकमेकांत अडकायची की सरच म्हणाले, तू मेडिसिनकडे बघ. आता मी ग्लासगोत म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर आहे. या कामाला हातांपेक्षा कान जास्त लागतात, आणि कान माझे चांगले आहेत.

त्यामुळे गेल्या वर्षी मी जाहीर केलं की मला शॉटगन घ्यायची आहे, तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईनं चहाचा कप खाली ठेवला.

"तू? बंदूक? अगं, तुला नारळ धड फोडता येत नाही!"

दोष माझ्या वॉर्डातल्या नर्सेसचा. त्यांनी एका रविवारी मला शहराबाहेरच्या क्ले शूटिंगच्या मैदानावर नेलं. यंत्रातून मातीच्या चकत्या उडतात आणि त्या हवेतच फोडायच्या, एवढाच खेळ. मी सगळ्या चुकवल्या. एक मात्र, कशी कोण जाणे, फुटली. काळा भुगा आभाळात पसरला आणि मी भर मैदानात किंचाळले. इतका निखळ आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. शिवाय ग्लासगोबाहेर मी राहते त्या छोट्या गावाशेजारी एक शेतकरी आहे, त्याच्या जवाच्या शेतावर रानकबुतरं धाड घालतात. तो म्हणाला, नेम बसायला लागला की ये, हवी तेवढी कबुतरं घेऊन जा. मी तर मनानं रश्श्यापर्यंत पोचलेसुद्धा!

मग बंदूक कोणती घ्यायची? दुकानदार शांत स्वभावाचा होता. माझ्यासारखी नवखी गिऱ्हाइकं त्यानं पुष्कळ पाहिली असावीत. पहिली बंदूक एकच घ्या आणि सगळ्याला चालेल अशी घ्या, असं त्याचं म्हणणं. एकावर एक अशा दोन नळ्या असलेली, कारण चकत्यांना तीच बरी आणि पाखरांनाही चालते. नळीच्या तोंडाशी बसवायचे, छऱ्यांचा फवारा आवळणारे चोक बदलता येणारे, म्हणजे जवळचं नि लांबचं दोन्ही जमतं. बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक; बारा बोअर सगळीकडे चालते, पण माझ्या अंगकाठीला वीस बोअर हलकी पडेल आणि खांद्याला धक्काही कमी देईल. हे सगळं मी घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नव्या संसाराला एकच कढई घ्यायची, तसं. तळायला तीच, भाजीला तीच." इतकं नेमकं दुकानदारालाही सांगता आलं नव्हतं.

पण म्हणून तिचा विरोध गेला, असं नाही. परवान्यासाठी पोलिस अधिकारी घरी आला तेव्हा तर कहरच झाला. बंदुकीचं लोखंडी कपाट भिंतीला पक्कं बसवलेलं होतं. त्यानं विचारलं, किल्ल्या कुठे ठेवणार? मी तोंड उघडायच्या आत आईनं देवघराकडे बोट दाखवलं आणि हसून सांगितलं, "हियर. बिहाइंड गणपती. ऑल कीज हियर." आमच्या घरात गाडीपासून बॅगेच्या कुलपापर्यंत सगळ्या किल्ल्या गणपतीच्या मागेच असतात, आणि ते पाहुण्यांनाही माहीत असतं. अधिकारी बिचारा गंभीर झाला. किल्ली कुठे आहे ते फक्त परवानावालीला माहीत हवं, घरातल्या दुसऱ्या कुणालाही नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. मी तिथल्या तिथे नंबरचं कुलूप असलेली छोटी तिजोरी घ्यायचं कबूल केलं. तो गेल्यावर आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

"आईपासून किल्ली लपवायची. काय एकेक कायदे!"

परवान्याची वाट बघत मी मैदानावरच्या बंदुकीनं शिकत होते. शिकत होते कसली, चुकवत होते. दर शनिवारी जायचं, खांदा शेकून घ्यायचा आणि परत यायचं. कोच गुडघ्यांचं सांगायचा, पावलांचं सांगायचा, चकतीच्या पुढे नेम धर म्हणायचा. सगळं करूनही चकत्या जशाच्या तशा गवतात पडायच्या. माझी नाउमेदी कशातून येत होती ते मला पक्कं ठाऊक होतं. कबुतरांचं राहू दे, मला बक्षीसही नको होतं. एकदा, फक्त एकदा, हातानं करायचं काहीतरी मला नीट जमावं आणि ते आईनं बघावं, एवढंच हवं होतं. म्हणून एका शनिवारी तिला बरोबर नेलं. मनाशी ठरवलं होतं, आजही जमलं नाही तर दुकानदाराला नको म्हणून कळवायचं.

आई कोट, शाल आणि कानटोपी चढवून बाकावर बसली. कानांवर मैदानाचे, आवाज अडवणारे मोठे लाल इयरमफ. मी चुकवली. परत चुकवली. चकत्या एकामागून एक माझ्यासमोरून मजेत निघून जात होत्या. शेवटी मी बंदूक उघडून कोचच्या हातात दिली आणि आईकडे वळून मराठीत म्हणाले, "बघितलंस? धांदरट ती धांदरटच. चल घरी."

आई उठली नाही. इयरमफ काढून मांडीवर ठेवले आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

"तू मान अशी वाकडी का करतेस गं?"

"कशी?"

"लाकडावर गाल ठेवतेस आणि मग डोकं पलीकडे नेतेस. सुई ओवताना करायचीस तश्शी. उजवा डोळा मिटून." तिनं मांडीवरचे इयरमफ उचलले. मग उठली आणि थेट कोचपुढे जाऊन उभी राहिली. तिचं इंग्रजी भाजीबाजारापुरतं आहे, पण त्या दिवशी तेही जड झालं होतं.

"शी लेफ्ट हँड," ती म्हणाली. "स्मॉल टाइम. आय स्टॉप."

मला काही आठवत नव्हतं. आईनं सांगितलं ते तिथेच, त्या बाकापाशी. मी दोन-अडीच वर्षांची असेन. घास डाव्या हातानं, पेन्सिल डाव्या हातात, देवळात प्रसादालाही डावाच हात पुढे. आजी बोलायची, शेजारणी बोलायच्या, मुलीच्या जातीला हे शोभत नाही म्हणायच्या. मग आई जेवताना माझ्या डाव्या हाताला फडक्याची पट्टी बांधायची. "रडायचीस फार," ती म्हणाली. "मग हळूहळू सवय गेली. मला वाटलं, सुटलो."

मला राग आला. खरंच आला. कात्री, टाके, त्या गाठी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण समोर कानटोपी घातलेली माझी आई उभी होती, हातात लाल इयरमफ, आणि माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरलेली होती. तिला कुणीही विचारलं नव्हतं. ती गप्प बसली असती तर आम्ही मुकाट्यानं घरी गेलो असतो. तेवढं लक्षात आलं आणि माझा राग टिकला नाही.

कोचला मराठी कळलं नसलं तरी मामला कळला होता. त्यानं मला दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याच्या नाकाकडे बोट दाखवायला लावलं. माझं बोट माझ्या डाव्या डोळ्याच्या रेषेत होतं. उजव्या खांद्यावर बंदूक आणि नेम डाव्या डोळ्याचा, मग नेम बाजूला जाणारच. "हे मी पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं, हेन," तो म्हणाला. ग्लासगोकडे बायकांना प्रेमानं असंच म्हणतात. त्यानं बंदूक माझ्या डाव्या खांद्याला लावली.

पहिली चकती चुकली. दुसरी फुटली. तिसरीही फुटली. मागून आईचा आवाज आला, "अगंबाई!" आणि टाळ्या. मी मागे बघितलं नाही, कारण मला समोरचंच दिसेनासं झालं होतं.

परवाना आला तेव्हा वीस बोअरची, एकावर एक नळ्यांचीच बंदूक घेतली. दुकानातल्या बहुतेक बंदुकांचा लाकडी दस्ता उजव्या खांद्यासाठी किंचित वळवलेला असतो. माझ्या बंदुकीचा दस्ता कारागिरानं गरम तेल ओतत ओतत, सावकाश, दुसरीकडे वळवून दिला. तो खांद्याला असा बसला की मला दुसरी कुठली बंदूक पाहावीशी वाटली नाही.

आई परत जायच्या आधी खंडेनवमी आली. तिनं स्वतःहून विचारलं, "ती तुझी काढतेस का, पूजेला?" मी छोट्या तिजोरीतून किल्ली काढताना तिनं मुद्दाम तोंड फिरवलं, कायद्याचा मान राखून. मी बंदूक रिकामी असल्याचं तिला दाखवलं आणि डायनिंग टेबलावर स्वच्छ टॉवेलवर ठेवली. शेजारी आईनं माझा स्टेथोस्कोप ठेवला आणि तिची इथली लाडकी भाजीची सुरी. झेंडू मिळाला नव्हता, सुपरमार्केटची शेवंती वाहिली. नव्या दस्त्याला हळदकुंकू लागलं तेव्हा माझा जीव खालीवर झाला. "पुसून घे मग," ती म्हणाली, "एवढं काय!"

आरती झाली. प्रसादाला शिरा होता. मी हात पुढे केले, नेहमीसारखे, डाव्यावर उजवा. आईनं हातातला चमचा ताटात ठेवला. माझे दोन्ही हात धरले, डावा हात खालून काढला आणि वर ठेवला. देवासमोर. मग त्याच्यावर शिरा वाढला.

"खा," ती म्हणाली. "सांडायची नाहीस तू."