दहा शेअरांची मालकीण

काल वाण्याच्या दुकानात आमच्या शेजारच्या नलूताई बिस्किटांचे मागे पडलेले पुडे ओढून पुढच्या रांगेत मांडत होत्या.

"ताई, दुकान माझं आहे हो," केशवशेठ गल्ल्यावरून म्हणाले.

"आणि बिस्किटं माझी आहेत! या कंपनीचे दहा शेअर घेतलेत मी. तुम्ही म्हणे हा माल बंद करणार?"

"खपत नाही, ताई."

"मागे दडवल्यावर कसा खपेल?"

मी हसू दाबत ऐकत होतो. शेअर म्हणजे कंपनीतला मालकीचा वाटा, हे मला कित्येक वर्षं पाठ आहे. पण माझे शेअर मोबाइलमध्ये हिरवे-लाल होत बसतात. त्यातल्या निम्म्या कंपन्या काय बनवतात, हेही मला धड सांगता येणार नाही. आणि इथे ही बाई, कोट्यवधी शेअरांतल्या दहांच्या जोरावर, पुड्यांवरची धूळ पदराने पुसत होती!

केशवशेठ विरघळले. "बरं, महिनाभर ठेवतो. खपले तर पुन्हा मागवीन."

मी लगेच दोन पुडे घेतले. घरी पहिलंच बिस्किट चहात बुडवलं, तर मोडून तळाशी गेलं. उद्या सकाळीच मालकीणबाईंकडे तक्रार नेणार आहे. त्या नक्की लक्ष घालतील.