थांबा सरांचा तास

कॉलेजात सरांना सगळे ‘थांबा सर’ म्हणायचे, अगदी शिपायापर्यंत. प्रश्न विचारायचा, ‘थांबा, विचार करा’ म्हणायचं आणि खडू खिशात टाकून खिडकीशी उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. एखाद्या पोराच्या कपाळाला आठ्या पडेपर्यंत सर तोंड उघडत नसत. संभाव्यतेचं गणित असं थांबूनच डोक्यात शिरतं, यावर त्यांचा भारी विश्वास.

निवृत्तीनंतर दूरशिक्षणाच्या विद्यापीठाने त्यांना घरबसल्या लाइव्ह तास दिले. घरबसल्या हा शब्द जरा जास्तच खरा ठरला. बायकोला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, बोलताना शब्द अडकू लागले. तिची औषधं या तासांवर चालतात, आणि तिला एकटी टाकून बाहेरचं काम धरता येत नाही. तेव्हा आतल्या खोलीत ती आणि बाहेरच्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात, कानाला हेडफोन लावून सर. तिच्या उशाशी वाटी-चमचा. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदलायची, तीन म्हणजे असाल तसे या.

विद्यापीठाचा नियम असा, की शिक्षकाचा आवाज तीन मिनिटं आला नाही तर वर्ग आपोआप बंद पडतो आणि तास झालाच नाही असं धरतात. असे तीन तास बुडाले की पुढच्या सत्राचं काम दुसऱ्याला. हा नियम ज्याने केला तो गृहस्थ कधी वर्गात उभा राहिला नसावा. सरांचा एक तास वीज गेल्यामुळे आधीच बुडाला होता.

त्या दिवशी पडद्यावर बावीस नावं होती, चेहरा एकही नाही. सरांनी प्रश्न टाकला, सवयीने ‘थांबा, विचार करा’ म्हणाले आणि खरोखरच थांबले. दोनेक मिनिटं गेली असतील. बावीसांतली एक हॉस्पिटलात नर्स होती, तिने माइक सुरू केला.

“सर, तुमच्याकडे वाटी वाजतेय. तीनदा वाजली. मागे अशी वाजली तेव्हा तुम्ही पळत गेला होतात.”

एरवी सर एक कान उघडा ठेवत; त्या दिवशी हेडफोन दोन्ही कानांवर होता, त्यामुळे त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी हेडफोन ओरबाडून काढला. ते आत धावले.

बायको धडधाकट नव्हती, पण होती तशीच होती. डोळे दाराला लागलेले.

“आवाज… बंद झाला,” ती म्हणाली. “वाटलं, तुम्ही…”

पुढचा शब्द अडकला, आणि सरांनाही तो ऐकायचा नव्हता. तिचा हात धरून ते बसले. परत आले तर वर्ग बंद पडलेला. दुसरा तास बुडाला.

तेव्हापासून सर थांबत नाहीत. प्रश्न विचारतात, तोच पुन्हा वाचतात, मध्येच उदाहरण देतात, शेवटी उत्तरही स्वतःच सांगून मोकळे होतात. यंत्राला आवाज हवा, आतल्या खोलीला आवाज हवा. तासभर तोंडाची टकळी चालू. असं शिकवणाऱ्यांची त्यांनी जन्मभर टिंगल केली होती. आता स्वतःचाच आवाज त्यांना नकोसा झाला आहे.

काल पिशवीतल्या लाल-निळ्या चेंडूंचा प्रश्न ते तिसऱ्यांदा वाचत होते, तेवढ्यात पडद्यावर नर्सचा मेसेज आला.

‘सर, जरा थांबाल का? विचार करतेय.’

सरांना भरून आलं. किती वर्षांनी कुणीतरी हे मागितलं होतं. त्यांनी मेसेज मोठ्याने वाचला.

“अगदी बरोबर आहे, बाई. इथे थांबायलाच हवं,” ते म्हणाले, आणि बोलतच राहिले.