पोराले गाडी शिकवली तेव्हा

बायको गेली त्या साली पोरगा अठराचा होता. मी वर्ध्यात एका कापसाच्या जिनवाल्या शेठजीची मोटार चालवत होतो. शेठजीच म्हणाले, "पोराले शिकव. नागपूरले माझ्या भावाले ड्रायव्हर पाहिजे. रविवारी गाडी घेऊन जात जा."

गाडी मले येत होती. पोराशी बोलता येत नव्हतं. आमच्या घरी बापलेकाचं बोलणं तिच्याच तोंडून चाले. मी हाताच्या अंतरावर बसलेलो असायचो अन् तो म्हणे, "माय, बाबाले सांग, मले चप्पल पाहिजे." मी म्हणायचो, "सांग त्याले, बाजाराच्या दिवशी आणतो." ती चिडे. "मी काय तुमचं तारघर हाय काय?" म्हणे, अन् तरी पोचवून देई. ती गेली तं घरात आवाजच राह्यला नाई. दोघंही भिंतीकडे पाहत जेवायचो.

नालवाडीच्या मोकळ्या रस्त्यावर सुरुवात केली. गाडीत तिसरं कोणी नाई, म्हणून बोलाच लागे. बोलणं तरी किती?

"क्लच दाब."

"दाबला."

"गिअर टाक. आता हळू सोड."

तो एकदम सोडे. गाडी बकरीवानी उडी मारून बंद पडे. मी उतरून समोरून हँडल मारायचो, तेव्हा ती पुन्हा चालू होई.

जरा हात बसल्यावर त्याले केळझरकडे नेलं. तिथं चढाव हाय. अर्ध्या चढावावर पुढून बैलगाडी आली. यानं ब्रेक दाबला अन् गाडी बंद. मी चाकामागं गोटा लावला, हँडल मारलं. निघायले गेला, तं पुन्हा बंद. पुन्हा हँडल, पुन्हा बंद. मंग मी वरडलो, "अबे, पाय हाय का मुसळ? डोक्यात काय सरकी भरली हाय?"

त्याचं तोंड लाल झालं. समोर पाहतच तो वरडला, "माय, बाबाले सांग, वरडू नका म्हणा!"

म्हणून गेला अन् थिजला. मंग स्टेअरिंगवर डोकं टेकवून रडला. मायच्या तेरवीलेही रडला नव्हता. मी खिडकीतून बाहेर पाहून राह्यलो. ती काही बोलणार नव्हती. बोलायचं मलेच होतं.

"मलेच सांग ना बे," मी म्हटलं.

डोकं वर करून तो म्हणाला, "तुमी वरडले का माहा पाय कापते."

"बरं. नाई वरडत."

मी उतरून हँडल मारलं. येऊन बसलो अन् म्हटलं, "अर्धा क्लच सोड. गाडी थरथरली का हँडब्रेक काढ."

गाडी थरथरली. यानं हँडब्रेक काढला अन् गाडी चढली.

परतताना त्यानंच इचारलं, "बाबा, मायसारखी अंबाडीची भाजी तुमाले येते काय?"

"नाई."

"मलेही नाई."

त्यानंतर तो बोलायले लागला. गाडीत बोले, चुलीपाशी बोले, मले झोप आली तरी बोलून राह्यला. अन् इतक्यात लायसन निघालं.

नागपूरले नोकरीवर निघाला त्या दिवशी स्टेशनावर रेल्वे सुटता सुटता म्हणाला, "बाबा, टायमावर जेवत जाजा."

घरी आलो. चूल पेटवलीच नाई. एकट्यासाठी भाकर थापायले हात उठत नाई. त्या दिवशी उठला नाई, अन् आजही उठत नाई.