लेण्यातल्या देवीला कुलूप

रखवालदाराने सासूबाईंचं मनगट धरून पिरगाळलं आणि कळशी त्यांच्या हातातून सुटून पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली. पाणी सगळं दगडावर सांडलं. सासूबाई ओरडल्या नाहीत. दुखून डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी तोंडातून एक शब्द नाही.

"ए म्हातारे, बहिरी हायेस काय? मघापासनं विचारतोय, कुलूप दिसत नाय?"

"हात सोड तिचा, मेल्या," मी म्हणाले. "ती बोलायची नाही."

"का? मुकी हाय?"

"देवीचं पाणी आणलंय. देवीवर घालेपर्यंत बोलायचं नसतं."

"कसली देवी? सरकारी लेणं हाय हे. बोर्ड वाच. वाचता येतं काय?"

"चौथी शिकलेय मी. तू वाचलास का कधी?"

ते त्याला झोंबलं. त्याने शिट्टी फुंकली, खालच्या रस्त्यावरचा हवालदार वर आला आणि आम्हा दोघींना, अंगावर ओली लुगडी तशीच, अनवाणी चौकीवर नेलं. घरी माझी दोन पोरं तापाने फणफणत होती. थोरली मुलगी चालती-बोलती, धाकटा अंगावर पिणारा.

दोघांच्याही अंगावर देवी आल्या होत्या. आजच्या पोरींना हा रोग माहीत नाही, त्यांचं नशीब. अंगभर फोड, तोंडातसुद्धा. आमचं घर अंधेरीच्या पूर्वेला, साकीनाक्याच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि डोंगरात एक लहान लेणं होतं. आत दगडात कोरलेली एक बाई, नाक तुटलेली. ती आमची देवी. कुणाच्या घरी पोराला फोड आले की घरातल्या म्हाताऱ्या बाईने विहिरीवर अंगावर पाणी घ्यायचं, ओल्या लुगड्याने कळशी भरून डोंगर चढायचा, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, आणि ते पाणी देवीवर ओतून तिला थंड करायचं. पोराच्या आईनेही ओल्या लुगड्याने नुसतं मागून चालायचं, तिला बोलायची बंदी नाही. घरात फोडणी द्यायची नाही, दाराला कडुनिंब बांधायचा. एवढंच आमचं शास्त्र.

पाण्याने फोड जातात का? नाही जात. मला तेव्हाही तसं वाटत नव्हतं. मुलीला देवीची लस टोचली होती, बाळ फार लहान म्हणून टोचणारा त्याला तसंच ठेवून गेला होता, आणि त्याचं कठीण आहे हे मला कळत होतं. पण सासूबाईंना ते कुणी सांगायचं? पोर जळतंय आणि आपण नुसतं बसून बघायचं, हे त्या म्हातारीला जमणारं नव्हतं. तिच्या हातात करण्यासारखं ते एकच काम होतं. तेवढंही यांनी करू दिलं नाही. राग त्याचा आहे.

कुलूप कसं लागलं ते सांगते. त्याच्या आदल्या वर्षी, दिवाळीनंतर, पाटील दारोदार सांगत फिरला, जुन्या लेण्यांच्या सरकारी खात्याचा मोठा साहेब लेणं बघायला येतोय, सगळं लख्ख करा. आम्ही बायकांनी केलं. घरी पाहुणा यायचा म्हणजे आपण घर घासतो, तसं लेणं घासलं. देवीच्या अंगावर शेंदराचा इतका जाड थर होता की हात-पाय कळत नव्हते. तिची माफी मागून तो थर खरवडून काढला आणि विहिरीत सोडला. दिव्यांनी काळी झालेली भिंत काथ्या आणि राखेने घासली. घंटा, समया, खण, नारळ, सगळं घरी आणून ठेवलं. मग पाटील म्हणाला, आता बायकांनी घरी जा, साहेबासमोर गर्दी नको.

पुढचं मला नवऱ्याने सांगितलं. तो आरे कॉलनीत तबेल्यात कामाला होता, पण त्या दिवशी रजा काढून गेला होता. साहेबाने देवीला जवळून, लांबून बघितलं, खूश झाला आणि विचारलं, "इथे कोणी पूजा वगैरे करतं का?"

पाटलाला वाटलं, आता तेला-शेंदराची बोलणी बसणार. तो म्हणाला, "नाही साहेब. आमच्याकडनं काही घाण होत नाही. बघा ना, कसं स्वच्छ आहे."

साहेबाने त्याची पाठ थोपटली. नवरा हे हसत हसत सांगत होता. मी विचारलं, "आणि तुम्ही काय बोललात?"

"मी कशाला बोलू? पाटील बोलत होता ना."

उन्हाळ्याच्या आत लोखंडी दार आलं, कुलूप आलं, रखवालदार आला, बोर्ड आला. प्राचीन स्मारक, नासधूस करणाऱ्यास शिक्षा. बायका पाटलाकडे गेल्या, तर म्हणतो, "बघतो, अर्ज करतो." अजून बघतोय. मेला बिचारा, पण मेला म्हणून माझा राग गेलेला नाही.

आणि ज्या डोंगराला हात लावायचा नाही म्हणून बोर्ड लावला, त्याच डोंगराच्या मागच्या अंगाला दगडाची खाण चालू होती. रोज सुरुंग. माझ्या फळीवरची भांडी वाजायची. लेण्याच्या छताला आडवी चीर गेली, ती काही आमच्या कळशीतल्या पाण्याने गेली नव्हती. पण खाणवाला गाडीतून यायचा. त्याचं मनगट कोण पिरगाळणार?

चौकीवर हवालदाराने सासूबाईंना नाव विचारलं. त्या गप्प. गाव विचारलं, गप्प. तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "मस्ती आलीय काय गं तुला?" मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, कारण सांगितलं. तो म्हणाला, "तू गप बस, तिला बोलू दे." पाणी देवीवर पडलं नव्हतं. ते पडल्याशिवाय त्या बोलल्या तर घेतलेलं व्रत सगळं फुकट, आणि देवी पोरावर उलटणार, अशी त्यांची समजूत. मी कानाशी जाऊन म्हणाले, "आई, बोला आता. दोन शब्द बोला नि घरी जाऊ. बाळाला पाजायचंय." त्यांनी मान हलवली. नाही.

दुपारी मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. माझं लुगडं अंगावर वाळलं होतं आणि दुधाने पुन्हा भिजलं होतं. मी पदर पुढे ओढून उभी. मॅजिस्ट्रेट सभ्य माणूस होता, आवाज चढवून बोलला नाही. म्हणाला, "हे पाहा बाई, आपल्या देशात ज्याला त्याला आपला धर्म पाळायची मोकळीक आहे. जिथे पूजा चालत आलेली असते, तिथली पूजा कायदा बंद करत नाही. पण या लेण्यात पूजा चालतच नव्हती, असं खातं म्हणतं."

"चालत होती," मी म्हणाले. "त्यांची सासू घालायची पाणी, तिची सासू घालायची."

"मग तुमच्याच पाटलाने नाही म्हणून कसं सांगितलं?"

"तो कधी गेला होता पाणी घेऊन? हे बायकांचं काम. बायकांना कोणी विचारलं?"

"बरं, आता विचारतो. आजीबाई, तुम्ही सांगा. तुम्ही तिथे पूजा करत होतात?"

सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग खाली जमिनीकडे. ओठ घट्ट मिटलेले.

"साहेब, पाणी घातल्याशिवाय त्या बोलणार नाहीत," मी म्हणाले. "तुम्ही रखवालदाराला सांगा, एकदा कुलूप काढ. एक कळशी ओतू दे. मग काय हवं ते विचारा."

खात्याचा माणूस हसला. म्हणाला, "म्हणजे गुन्हा करायची परवानगी मागतायत." कोर्टात दोघं-तिघं हसले.

मॅजिस्ट्रेट हसला नाही, पण म्हणाला, "त्या बोलतच नाहीत, तर मी काय मानायचं?"

ताकीद देऊन सोडलं. दया केली असं त्याला वाटलं असणार. बाहेर पडल्यावर मी धावत सुटले. सासूबाई मागून येत होत्या, सुजलेला हात छातीशी धरून. घरी पोचले तेव्हा शेजारीण बाळाला कापडाने पाणी पाजत होती. मी पदराखाली घेतला, पण त्याच्या तोंडात फोड होते, त्याला ओढता येत नव्हतं. सकाळी थोडं तरी ओढत होता.

सासूबाई त्या संध्याकाळी रिकामी कळशी घेऊन पुन्हा विहिरीकडे निघाल्या. नवऱ्याने दारात आडवं होऊन त्यांना अडवलं. "आई, आता जेलात घालतील." त्या उंबऱ्यावर बसल्या. जेवल्या नाहीत, बोलल्या नाहीत. मी त्याला म्हणाले, "तुम्ही न्या ना पाणी. पुरुषाला अडवतो का बघू." तो गेला नाही. त्याच्या मते तेही बायकांचंच काम होतं.

बाळ दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं.

तेव्हा सासूबाई बोलल्या. व्रत बाळासाठी धरलं होतं, आता न बोलण्याचं कारणच उरलं नव्हतं. म्हणाल्या, "ऊठ. चूल पेटव. पोरीला पेज दे."

मी उठले. पेज केली. मुलीने दोन घोट घेतले, ओकली, पुन्हा घेतले.

मुलगी जगली. तिच्या तोंडावर व्रण राहिले आणि एका डोळ्याने तिला कमी दिसतं. सासूबाई जगल्या, त्यांचं मनगट मात्र वाकडंच बसलं. मी जगले.