मास्तरांचा ठिय्या

आमच्या टेलरमास्तरांवर अन्याय झाला तो पाणीमोर्चाच्या सोमवारी, सकाळी साडेअकराला, शहागंजच्या घड्याळापाशी. करणारे आम्हीच, घोषणा देणारे.

मास्तर आमचे बॅनर शिवायचे. मजकूर वाचल्याशिवाय कापडाला हात लावायचे नाहीत. पसरट वाक्य दिसलं की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "उसवा बेटा, मग बोलू." माझी कितीतरी पत्रकं त्यांनी अशी उसवायला लावली.

त्या दिवशी ते स्वतः बॅनर धरून पुढं होते. घड्याळापाशी आले आणि भर रस्त्यात खाली बसले. आम्हाला वाटलं, मास्तरांनी ठिय्या दिला. मागची शंभरेक माणसं पटापट बसली, घोषणा दुप्पट झाल्या, रिक्षा अडल्या. मास्तर वळून म्हणाले, "माझे तर पाय गेले. तुम्ही काहून बसले?"

सगळे हसले, तेही हसले. पाच मिनिटांत उठून चालायलाही लागले. आणि मी शहाण्यासारखा म्हणालो, "वय झालं, मास्तर."

डॉक्टरही तेच म्हणाले. एक्स-रेच्या फोटोत मणका घासलेला दिसला, कमरेला पट्टा मिळाला. चाललं की पाय जड, बसलं की हलके, हे मास्तर प्रत्येकाला सांगत होते. ऐकत कुणी नव्हतं. मग दुकानातून निघाल्यावर जिथं बसावं लागे तिथल्या भिंतीवर त्यांनी शिवणाच्या खडूनं रेघ मारायला सुरुवात केली. बघता बघता रेघा घड्याळापासून दुकानाच्या पायरीपर्यंत मागं आल्या. लघवी अडकू लागली. मशीनचं पायडल थांबलं, हातशिलाई तेवढी उरली.

एप्रन आखूड करायला आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, या रेघा कसल्या? उत्तर पूर्ण ऐकलं आणि आधी सगळ्या पाठीची, मग रक्तवाहिन्यांची तपासणी करायला लावली. कमरेत एक धमनी थेट शिरेला जोडली गेली होती. रक्ताचा जोर शिरेत घुसून मज्जारज्जू सुजला होता.

मास्तर खूश. "म्हंजे बाहीला खिसा शिवला. कारागिराची चूक, कापडाची नाय. उसवा."

ऑपरेशन करून तो जोड बंद केला. उजवा पाय परतला. डावा अर्धाच. उशीर झाला होता, आणि तो आम्ही केला होता.

आता ते फुलंब्रीला मुलीकडं असतात. एका पायानं मशीन चालवून नातीचे फ्रॉक शिवतात. इथल्या दुकानाला कुलूप आहे, पण पायरीजवळची रेघ मी कुणाला पुसू देत नाही.

तुमच्या घरात कुणी चालता चालता बसत असेल, तर 'वय झालं' म्हणू नका. किती पावलांवर बसता, ते विचारा. डॉक्टरांसमोर मोठ्यानं सांगा. आणि उत्तर मिळाल्याशिवाय तिथून उठू नका.