अमावास्येची गल्ली

ओस घर कसं ओळखायचं ते आमच्या माणदेशात कुणी कुणाला शिकवत न्हाई. दाराला कुलूप, कुलपाला गंज आणि उंबऱ्यात कुत्रं निजलेलं. संपलं. पण चेन्नईकडं ह्याचं शास्त्र हाय, आणि त्या शास्त्रातले जाणकार म्हंजे उपेंद्रराव.

उपेंद्रराव श्रीपेरुंबुदूरला आमच्या मोटारींच्या कारखान्यात बसच्या टेबलावर असतात. कुठल्या पाळीची बस कुठनं सुटायची, कोण कुठं चढणार, कुणाचा थांबा बदलला, हे सगळं त्यांच्याकडं. वय चौपन्न. मी रंगाच्या खात्यात लागलो तवा थांबा लिहून घ्यायला त्यांच्यापुढं उभा राहिलो. नाव ऐकून त्यांनी चष्मा वर केला.

"तुम्हीं मराठी की?"

"व्हय."

"आम्हींही तेच."

ते तंजावरकडचे. पूर्वज कवा आले ते त्यांना नीट ठाऊक न्हाई, आणि परत जायचं हाय असं त्यांच्या घरात कुणी म्हणत न्हाई. त्यांना वाटायचं माझी मराठी बिघडलीय. मला वाटायचं त्यांची आंबलीय. त्यामुळं आमचं जमलं.

आठवडाभर दीड हजार माणसं बसमध्ये बसवायची आणि रविवारी जिथं एकबी माणूस न्हाई तिथं जायचं, असा त्यांचा नेम. कोयंबेडूच्या स्टँडवरनं बस धरायची आणि कांचीपुरमच्या पुढं कुठंतरी उतरायचं. बंद पडलेलं टॉकीज, भाताची गिरण, गाडी थांबायची बंद झालेलं स्टेशन, पोरं परदेशी गेल्यावर रिकामी झालेली घरं. त्यांचे फोटो काढायचे. सोबत मी ट्रायपॉड धरायला जायचो. खोलीवर बसून तरी काय करायचं.

त्यांचा कायदा एकच. फोटोत माणूस नको. एकदा गिरणीपुढं एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला. उपेंद्रराव पाऊण तास उभे. शेवटी म्हातारा म्हणाला, "काढा की फोटो, मी बसलोय." उपेंद्रराव म्हणाले, "त्यासाठींच थांबलों आहे." म्हाताऱ्याला काय कळलं न्हाई. शेळ्यांना कळलं असावं, त्या उठल्या.

आता शास्त्र. ह्या मुलखात रोज सकाळी बाई दारापुढं पाणी शिंपडते आणि तांदळाच्या पिठानं रांगोळी घालते. तिला कोलम म्हणतात. घर पडकं असो, छपरावर गवत असो, कोलम हाय तर माणूस हाय. उपेंद्रराव घराकडं बघायचेच न्हाईत, आधी जमिनीकडं बघायचे. "दाराशीं कोलम नाहीं, म्हणजे आंत कोणी नाहीं. कोणाला पुसायचीही गरज नाहीं." हे त्यांनी मला एवढ्या वेळा सांगितलं की मीबी माझ्या खोलीच्या उंबऱ्याकडं बघून मी आत हाय का न्हाई ते ठरवायला लागलो.

तर सप्टेंबरातल्या एका रविवारी आमी एका गावात गेलो. नाव सांगत न्हाई, तिथल्या हापिसातली माणसं अजून नोकरीत हायेत. देवळाच्या बाजूला अग्रहार, म्हंजे बामणांची जुनी गल्ली. दोन्हीकडं एकाला एक चिकटलेली घरं, पुढं ओटा आणि लाकडी खांब. गल्लीच्या तोंडाशी उपेंद्रराव थबकले.

अख्ख्या गल्लीत एक कोलम नव्हतं.

"सारी गल्ली गेली," असं ते हळू बोलले. बोलणं दुःखाचं होतं, पण हात पिशवीतनं कॅमेरा काढत होता. अकरा घरं टिपली. सहावं घर सगळ्यात भारी होतं. ओट्याचा निम्मा भाग ढासळलेला, दार बंद, दाराच्या वर दृष्ट लागू नये म्हणून टांगलेला राक्षसाचा मुखवटा, त्याचा एक डोळा पावसानं पुसलेला. त्या घराला त्यांनी चाळीस मिनिटं दिली. मला बारीक फोडणीचा वास आला. मी म्हणलं, "राव, कुठंतरी सांबार शिजतंय." ते म्हणाले, "तुम्हांला भूक लागली आहे." भूक लागली होती, त्यामुळं मी पुढं बोललो न्हाई.

जानेवारीत चेन्नईतल्या अड्यारच्या एका संस्थेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. पंचवीस जणांचे फोटो, त्यात त्यांचा एक. सहावं घर. खाली नाव, "येथें कोणी नाहीं". आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात त्यांचं नाव नि मोबाईल नंबर. फोटो चोरीला जाऊ नये म्हणून. एक बाई त्या फोटोपुढं बराच वेळ उभ्या राहिल्या आणि डोळे पुसले. उपेंद्ररावांनी हे बसच्या टेबलावर आठवडाभर सगळ्यांना सांगितलं, दोन पाळ्यांना मिळून. एका वेबवरच्या पेपरानं फोटो छापला.

मार्चात एका रविवारी मी त्यांच्याकडं अण्णा नगरात इडली खात बसलो होतो. विशालाक्षीबाई, म्हंजे त्यांची बायको, वाढत होत्या. फोन वाजला. हात उष्टे म्हणून उपेंद्ररावांनी तो स्पीकरवर लावला. पलीकडं बाई होती, तमिळ बोलत होती. तमिळमधलं मी आपल्या भाषेत सांगतो.

"उपेंद्र राव म्हणजे तुम्हीच ना? घराचे फोटो काढणारे?"

"होय. तुम्ही प्रदर्शन पाहिलंत?"

"नाही. नोटीस पाहिली."

उपेंद्रराव विशालाक्षीबाईंकडं वळले आणि मराठीत बोलले, "चटणी नको, कोणी नोटीस म्हणते आहे." तशी पलीकडची बाई एकदम मराठीत आली, तीबी तंजावरी.

"अरे, तूं आमचाच की. मग तर तुला लाज जास्त असली पाहिजे."

नाव हेमावतीबाई. वय एकोणऐंशी, म्हंजे इकडच्या रिवाजानं सगळ्यांची मामी. सहाव्या घरात राहतात. लग्न करून आल्यापासनं तिथंच राहतात. नगरपंचायतीनं ओस आणि धोक्याच्या घरांची यादी केली होती. त्यात त्यांचं घर घातलं आणि पुराव्याला वेबवरनं उतरवलेला फोटो चिकटवला. खाली नाव तसंच, नंबरबी तसाच. सोमवारी अकराला सुनावणी. न्हाई पटलं तर बुधवारी जेसीबी.

"मामी, तुम्हीं जाऊन सांगा की मी राहते म्हणून."

"सांगितलं. तिथला साहेब म्हणाला, फोटोंत तुम्हीं नाहींत."

"विजेचं बिल दाखवा."

"यजमानांच्या नांवाचं आहे. ते वारून नऊ वर्षें जाहलीं. तो म्हणाला, मेलेल्या माणसाच्या बिलावर घर राहतं ठरत नाहीं."

"पण मामी, दाराशीं कोलम नव्हतं."

"कधीं आला होतास तूं?"

उपेंद्ररावांना तारीख आठवेना. विशालाक्षीबाई इडलीचं भांडं हातात धरून उभ्या होत्या. त्या शांतपणानं म्हणाल्या, "महालय अमावास्या."

त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"त्या दिवशीं तुम्हीं पहांटे तर्पण केलंत, तीळ सांडून ठेवलेत, आणि बसला उशीर होतो म्हणून पळालांत. मी कोलम घातलं नव्हतं. अमावास्येस तर्पण होईपर्यंत कोण घालतं? तुम्हीं आपल्याच रिकाम्या उंबऱ्यावरून गेलांत. तेव्हां आपलं घर ओस नाहीं वाटलं?"

महालय अमावास्या म्हंजे आपली सर्वपित्री. आता आमच्याकडंबी श्राद्धाला दारात रांगोळी काढत न्हाईत. पण मी कुठं शास्त्राचा जाणकार. अख्खी गल्ली त्या दिवशी पितरांच्या मागं होती. दारं लावून, सोवळ्यानं. आणि बाहेर हा गडी गल्ली मेली म्हणून फोटो काढत होता.

फोनमधनं आवाज आला, "बायको शहाणी आहे तुझी. तिला सोमवारीं पाठव."

"मी येतों, मामी."

इडल्या तशाच राहिल्या. उपेंद्ररावांनी कॉम्प्युटर लावला आणि मूळ फोटो उघडला. प्रदर्शनाला दिलेला फोटो उजव्या बाजूनं कापलेला होता. मूळ फोटोत उजवीकडं घराची बाजूची भिंत होती. भिंतीवर केळीच्या पानाचा तुकडा, पानावर भाताचा गोळा, आणि गोळ्यावर वाकलेला कावळा.

"हें कां कापलंत?" विशालाक्षीबाईंनी विचारलं.

"पांढरं दिसत होतं. लक्ष तिकडेच जात होतं."

"जायलाच हवं होतं."

सोमवारी आमी साडेनवालाच त्या गावात पोचलो. मी रजा टाकली होती. कारण लिहिताना 'घरगुती' लिहिलं. हापिसात हेमावतीबाई आधीच बाकड्यावर बसलेल्या. नऊवारी नेसलेली, बारकी, ताठ बाई. उपेंद्ररावांना खालपासनं वरपर्यंत बघितलं.

"तूंच का तो? फोटोवरून वाटलं, मोठा माणूस असेल."

साहेबाचं नाव वेंकटरमण. वाईट माणूस न्हाई. फायलीत जे हाय ते हाय आणि न्हाई ते न्हाई, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या पाठीमागं रोज एक पान फाडायचं कॅलेंडर. उपेंद्ररावांनी मूळ फोटोची मोठी प्रत टेबलावर ठेवली.

"साहेब, तो फोटो माझा. चूक माझी. घर राहतं आहे."

"तुम्ही कुठल्या खात्याचे?"

"कारखान्यात. बसच्या टेबलावर."

"मग घर राहतं की ओस हे तुम्ही कसं ठरवता?"

"तेच तर मी ठरवलं होतं, साहेब. तुम्ही ते फायलीला लावलंत."

वेंकटरमणनं मान हलवली. मुद्दा पटला होता, पण मुद्दा फायलीत नव्हता. "बाई इथं बसल्यात हे मला दिसतंय. पण घर इथं नाही. घर फोटोत आहे, आणि फोटोत माणूस नाही."

"माणूस नाही. कावळा आहे," उपेंद्रराव म्हणाले आणि बोट ठेवलं.

वेंकटरमणनं चष्मा बदलला. भिंत बघितली, पान बघितलं, कावळा बघितला. मग बराच वेळ भात बघितला.

"भात ताजा दिसतोय."

"वाफ निघते आहे, नीट पाहा," हेमावतीबाई म्हणाल्या. "मीच ठेवला. माझ्या मागून कोण ठेवेल?"

"तारीख?"

उपेंद्ररावांनी फोटोवरची तारीख दाखवली. वेंकटरमणनं कपाटातनं गेल्या सालचं पंचांग काढलं. सरकारी हापिसात पंचांग असतं हे मला त्या दिवशी कळलं. पान उलटलं. बोट थांबलं.

"महालय अमावास्या."

"होय."

तो खुर्चीत मागं टेकला. "माझ्या दारातही कोलम नव्हतं त्या दिवशी."

"मग तुमचंही घर यादीत घाला," हेमावतीबाई म्हणाल्या.

दारातला शिपाई हसला आणि लगेच खोकला. साहेबानं पेन उचललं. ओस घराच्या भिंतीवर कावळ्याला भात ठेवायला कुणी येत न्हाई, हे त्याला सांगावं लागलं न्हाई, त्याच्या घरात आई होती. नवऱ्याच्या नावाच्या बिलाला जे जमलं न्हाई ते कावळ्यानं केलं. आमच्याकडं कावळा घासाला शिवेना म्हणून माणसं तासन्‌तास हात जोडून उभी राहतात. हा बिचारा न बोलावता शिवला, आणि फोटोतनं कापला गेला, तरी उपयोगाला आला.

पण साहेबाला उपेंद्ररावांकडनं एक कागद पायजे होता. 'येथें कोणी नाहीं' हा फोटो चुकीचा हाय, आत माणूस राहतं, असं लिहून सही. उपेंद्रराव कागद घेऊन बाकावर गेले. मी बाजूला होतो. पेन बराच वेळ कागदाच्या वर तसंच राहिलं. आयुष्यात एक फोटो लोकांनी उभं राहून बघितला होता. अड्यारच्या संस्थेनं तोच फोटो कायमचा भिंतीला लावायचा ठरवलेला, मे महिन्यात. कागदाची एक प्रत तिकडंबी जाणार होती.

"हात दुखतो का?" हेमावतीबाईंनी विचारलं.

"नाहीं, मामी."

"मग लिही. बुधवार लांब नाहीं."

त्यांनी लिहिलं. त्या घरातच न्हाई, तर त्या दिवशी काढलेल्या अकराच्या अकरा घरांत कोण राहतं हे आपण विचारलं न्हाई, असंबी लिहिलं. ते कुणी मागितलं नव्हतं. संस्थेनं पुढं फोटो लावला न्हाई.

वेंकटरमणनं नाव यादीतनं काढलं. शेऱ्यात लिहिलं, 'बाजूच्या भिंतीवर कावळा आढळला. घर वापरात.' मग म्हणाला, फायलीत ओस घराचा फोटो राहिला तर पुढचा साहेब परत नोटीस काढेल. नवा फोटो लावा. माणसासकट.

तसं आमी गल्लीत गेलो. साधा सोमवार, गल्लीभर सकाळचं कोलम. अकरापैकी सात दारांत. उपेंद्रराव मोजत न्हाईत असं दाखवत मोजत होते. सहाव्या दारापुढं हेमावतीबाई उभ्या राहिल्या, मुखवट्याच्या खाली. मी ट्रायपॉड लावला. उपेंद्रराव कॅमेऱ्यामागं गेले आणि थांबले. सवयीनं. माणूस हलायची वाट बघत.

"काय जाहलं?" बाई म्हणाल्या.

"कांहीं नाहीं. जरा हंसा, मामी."

"नोटिशीसाठीं हंसूं?"

फोटो निघाला. बाई रागावलेल्या, ओटा निम्मा, कोलम पुरतं. उपेंद्ररावांनी पडद्यावर दाखवला. बाईंनी कॅमेरा लांब धरून बघितला.

"पाय आले का?"

"आले. कांहीं कापणार नाहीं."

"आणि खालीं तो तुझा नंबर?"

"काढून टाकतों, मामी. त्यानंच सारा घोळ जाहला."

"राहूं दे," हेमावतीबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळीं फोन कोणाला करूं?"